अष्टमीची खाडी

त्या शिबिराला मी तळं बघायला गेले नव्हते. तळं मी सोळा-सतरा वेळा पाहिलेलं होतं. मी गेले ते एका माणसाला वीस जणांसमोर तोंडघशी पडताना बघायला. ते कधी आणि कुठे घडणार, हे मला आठ दिवस आधीपासून ठाऊक होतं. रविवारी, दुपारी बारा वाजता, खाडीच्या काठावर.

हे इतकं सरळ लिहायला मला वर्ष लागलं. आधी तीन-चार वेळा लिहायला बसले तेव्हा प्रत्येक वेळी तळ्याच्या वर्णनाने सुरुवात केली आणि तिथेच रमले. तळं सुंदर आहे, त्यामुळे लपायला सोयीचं पडतं.

माझे पती भूगोल शिकवायचे. मी त्यांना जन्मभर ‘हे’ म्हणत आले, इथेही तसंच लिहिते. हे चौलचे, नारळी-सुपारीच्या वाडीत वाढलेले. नोकरी मात्र तळा नावाच्या गावातल्या शाळेत लागली. हे तळा म्हणजे आमच्या जिल्ह्यातलं आत डोंगराकडचं तालुक्याचं गाव, ते तळं नव्हे. तिथून समुद्र फार लांब नाही, पण दिसत नाही. त्याच शाळेत मी ग्रंथालय सांभाळायची. भातशेतीवाल्या घरांतली मुलं, बहुतेकांचे वडील मुंबईला कारखान्यात. नववीत गेलेल्या कितीतरी मुलांनी समुद्र पाहिलेला नसे. म्हणून हे दरवर्षी थंडीत नववीचा वर्ग घेऊन निघायचे. एसटीने डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं, जंगलातून अडीच तास चढायचं, वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, काळ्या कातळाच्या वाडग्यात साठलेलं ते तळं बघायचं, तिथेच मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या बाजूने उतरून दुपारी बाराच्या सुमारास एक खाडी पायी ओलांडून समुद्रावर पोचायचं. मी बहुतेक वेळा बरोबर असायची, मुलींसाठी.

या वाटेची ह्यांनी एक वही केली होती. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. वाटेवरचा प्रत्येक झरा, प्रत्येक मोठं झाड, कातळाचे थर, हाताने काढलेले नकाशे. ह्यांची भाषा रुक्ष. ‘दगडावर अनवाणी उभे राहून पाहावे’ एवढंच हे लिहायचे. मी रात्री पोळ्या आटोपल्या की पेन्सिल घेऊन बसायची आणि त्याचं करायची: ‘हा दगड एके काळी वाहत होता, यावर विश्वास बसायला त्यावर अनवाणी उभं राहावं लागतं.’ हे चष्मा कपाळावर सरकवून वाचायचे आणि म्हणायचे, “जास्त झालं. पण राहू दे.”

निवृत्तीनंतर आम्ही मुरुडला आलो. दोन वर्षांत ह्यांचं पोटाचं दुखणं निघालं. त्या काळात ह्यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला यायचा. तळा गावाजवळच्या एका खेड्यातला, भातशेतकऱ्याचा मुलगा. आता पनवेलला राहून लोकांना डोंगरात फिरवायचा उद्योग करतो. तो म्हणाला, “सर, ही वही छापायला पाहिजे. मी छापतो. तुमच्या नावाने, फोटोसकट.” ह्यांनी वही दिली. देताना पुठ्ठा रुमालाने पुसला.

तो परत आला नाही. फोन लावला की वाजत राहायचा. मग वाजेनासाही झाला. हे रोज सकाळी औषध घेऊन झालं की विचारायचे, “वही आली का?” नंतर बोलणं कमी झालं, तेव्हा नुसतं दाराकडे बघून भुवई उचलायचे. मला कळायचं. भाद्रपदात हे गेले. तळा गावाहून किती जण आले. कुणी भातातलं तण काढून दमलेले, कुणी मुंबईहून रात्रीची गाडी पकडून. तो आला नाही. चार ओळींचा निरोपही नाही.

पाच महिन्यांनी, माघात, मुरुडच्या आमच्या वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक पत्रक आलं. ‘ज्वालामुखी तळं: दोन दिवस, एक मुक्काम.’ वर तळ्याचा फोटो, खाली त्याचा. आणि मध्ये ठळक अक्षरांत: हा दगड एके काळी वाहत होता, यावर विश्वास बसायला त्यावर अनवाणी उभं राहावं लागतं.

ते वाक्य माझं होतं. मी ते पाच-सहा वेळा वाचलं. मग बाकीचं पत्रक वाचलं आणि ओळखीची एकेक ओळ बोटाने मोजत गेले. एकच मजकूर त्याचा स्वतःचा होता, ‘निद्रिस्त ज्वालामुखीच्या मुखाशी.’ तिथे मुख-बिख काही नाही. आपल्याकडे लाव्हा जमिनीच्या भेगांतून पसरला, थरावर थर बसले, त्यातल्या एका खोलगट भागात पाणी साचलं. हे दरवर्षी मुलांना बजावून सांगायचे. म्हणजे चोरीही नीट केली नव्हती.

मी माझ्या माहेरच्या नावाने नोंदणी केली. तोपर्यंत डोक्यात एवढंच होतं की सगळ्यांसमोर त्याला विचारायचं, हे लिहिलं कुणी? पण रविवारी संध्याकाळी त्याने नोंदणी केलेल्यांच्या गटावर आणखी एक फोटो टाकला. खाडीच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात, हात पसरून उभा. खाली लिहिलेलं: ‘आज दुपारी बारा वाजता. पूर्वतयारी झाली! पुढच्या रविवारी याच वेळी आपण सगळे इथे!’

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. आज अष्टमी होती. पुढच्या रविवारी पौर्णिमा.

चौलच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण इथे सांगते. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची सोपी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती, आणि दुपारी बाराला ओहोटी. शिवाय अष्टमीचं पाणी भांगाचं, त्याला ओढ नसते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आतपर्यंत पाणी चढायला आणखी अर्धा-पाऊण तास, म्हणजे बाराच्या आगेमागे खाडी तुडुंब, आणि तेही उधाणाचं पाणी.

हे वर्गाला नेहमी अष्टमीलाच न्यायचे. वार कुठलाही असो. त्यावरून हेडमास्तरांशी दरवर्षी वाद. पण मुलांना कारण कधी सांगितलं नाही, आणि वहीतही लिहिलं नाही. जसं आपण ‘रात्री अंधार असतो’ असं लिहीत नाही. तळा गावच्या मुलांनी दरवर्षी दुपारी बाराला ती खाडी उघडी पाहिली होती. त्यातल्या एकाने मनाशी पक्कं धरलं होतं की ती तशीच असते. नदी जशी उन्हाळ्यात आटते, तशी ही बाराला आटते.

मला हसू आलं. भाद्रपदानंतर पहिल्यांदा.

शनिवारी सकाळी त्याची बस मला घ्यायला फाट्यावर थांबली. तो यादी घेऊन खाली उतरला आणि मला बघून जागच्या जागी थांबला. मग पटकन वाकून पायाला हात लावला. मला पाय मागे घ्यायलाही वेळ मिळाला नाही.

“बाई? यादीत तर दुसरंच नाव...”

“माहेरचं आहे.”

“झेपेल ना तुम्हाला?”

“बघू या. कोणाला काय झेपतं ते.”

“सरांचं कळलं होतं, बाई. मी येणारच होतो...”

“हो ना,” मी म्हटलं आणि बसमध्ये चढले.

माझ्या शेजारी पनवेलच्या एक बाई होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. गुडघ्याला पट्टा, हातात वेताची काठी. बसल्या बसल्या म्हणाल्या, “मी रिटायर झाले, गुडघे अजून व्हायचेत. तंबूत आपण दोघीच म्हाताऱ्या आहोत, तेव्हा सांगून ठेवते, मी घोरते.” चढावर त्यांनी मला डिंकाचा लाडू दिला. अर्ध्या वाटेवर करवंदीच्या जाळीशी दम खायला थांबलो, तेव्हा एकदम विचारलं, “मिस्टर गेले का तुमचे?”

“कशावरून?”

“मी पहिल्या वर्षी अशीच चालायचे. कुणाला तरी मारायला निघाल्यासारखी. दूधवाल्याशी भांडले, सोसायटीशी भांडले, देव तर फडताळात कोंबून ठेवले होते. तुमचं कुणाशी चाललंय?”

“ठरायचंय अजून.”

त्या मोठ्याने हसल्या. पुढे चालत असलेल्या त्याने मागे वळून पाहिलं. माझी पिशवी त्याने जबरदस्तीने स्वतःच्या पाठीवर घेतली होती.

सडा लागला की जंगल एकदम संपतं आणि समोर तळं येतं. काळा कातळ तिन्ही बाजूंनी पायऱ्यांसारखा उतरत गेलेला, मधे हिरवट स्थिर पाणी. त्या दिवशी काठावरच्या एका आंब्याला मोहोर होता आणि त्याचा वास पाण्यावरून येत होता. मी खाली बघून चालत राहिले. माझ्या मनात एवढंच होतं, उद्या.

जेवणं झाल्यावर चारच्या सुमारास त्याने सगळ्यांना तळ्याभोवती फिरवायला घेतलं. डावीकडून. ह्यांच्या वहीत तसंच आहे, डावीकडून निघावं म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर राहतं. दुपारी चारला डावीकडून निघालं की ऊन सरळ डोळ्यांत येतं. सगळे डोळ्यांवर हात धरून त्याच्या मागून चालले होते. मीही तसाच हात धरून चालले.

मग एका जागी त्याने सगळ्यांना चपला-बूट काढायला लावले. कातळातल्या भोकांत बोट घालून म्हणाला, “हे बुडबुडे आहेत. वायूचे. लाव्हा थंड होताना आत अडकले आणि तसेच राहिले. आपण आता एका श्वासात बोट घातलंय.” तेही वहीतलं. ते ह्यांचंच, माझं नव्हे. कधी कधी ह्यांनाही असं काही सुचायचं. आणि बोलता बोलता त्याने चष्मा मनगटाच्या मागच्या बाजूने वर ढकलला. हे तसंच करायचे, कारण ह्यांच्या बोटांना कायम खडू असायचा. ह्याच्या बोटांना काय होतं? वहीपर्यंत मी समजू शकत होते. ते मनगट बघून मात्र माझे कान तापले.

“काय बोलतो हो मुलगा!” बँकेतल्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या. “लेखकच आहे अगदी.”

“हो. लिहिलेलं चांगलं आहे.”

स्वयंपाकाला तळ्याजवळच्या वाडीतली एक बाई होती. ह्यांच्या सहलींनाही तीच भाकऱ्या भाजायची. तीन दगडांच्या चुलीशी बसली होती. मी जवळ जाताच तिने हातातलं पीठ झटकलं.

“सरांच्या बाई न्हाय का तुमी? सर न्हाय आलं?”

“सर गेले. भाद्रपदात.”

“अगं माझे बाय.” तिने भाकरी उलटलीच नाही. भाकरी करपली. “आदी पोरांना वाढ, मंग मला, असा म्हनायचं. आमची पोरा बी त्यांच्याच पंगतीला बसायची.” मग आवाज उतरवून म्हणाली, “बाई, उंद्या पुनव हाय. आनि ह्यो दुपारचा खाडीत उतरनार म्हनतो. पानी भरलेला असंल ना? आमी बाजाराला त्याच वाटंनी जातो, मला ठावं हाय. सांगू का त्याला?”

तो पंधरा-वीस पावलांवर तंबूची दोरी ताणत उभा होता.

“त्याला माहीत आहे,” मी म्हटलं. “होडी सांगितली आहे त्याने.”

“व्हय? मंग बरा.” तिने पुढची भाकरी थापायला घेतली.

आयुष्यात मी फार खोटं बोललेले नाही. त्या संध्याकाळी जे बोलले ते अडखळत बोलले नाही, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आठला निघालो आणि पावणेबाराला खाडीवर पोचलो. शेवटच्या वळणावर मी मुद्दाम पुढे झाले, त्याचा चेहरा दिसावा म्हणून.

पाणी काठोकाठ होतं. कांदळाच्या झाडांचे फक्त शेंडे वर दिसत होते. गेल्या रविवारी तो ज्या जागी हात पसरून उभा होता तिथून एक नारळाची झावळी हळूहळू आतल्या दिशेला, डोंगराकडे चालली होती. पलीकडच्या काठावर आमची बस उभी होती, लहानशी.

त्याने घड्याळ पाहिलं. मग पाणी पाहिलं. मग पुन्हा घड्याळ.

मी ते सावकाश बघितलं. आठ दिवस वाट पाहिली होती. सोडायचं काही कारण नव्हतं.

“अरे, तू तर गुडघाभर म्हणाला होतास!” कुणीतरी म्हणालं.

“आता पोहण्याचा कार्यक्रम का? पत्रकात नव्हता हो!”

“गेल्या रविवारी इथे...” तो म्हणाला. “याच वेळी... वर कुठेतरी पाऊस झाला असेल.”

“माघात?” बँकेतल्या बाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

इथे मी बोलायला हवं होतं. मला हवं होतं ते झालं होतं. तो वीस जणांच्या हसण्यात मान खाली घालून उभा होता. पण मला वाटलं, अजून थोडं. अजून त्याने कुणालाही विचारलेलं नाही. त्याने मान वर करावी आणि विचारावं, कुणाला काही माहीत आहे का? मग मी सांगेन.

त्याने विचारलं नाही. पाठीवरून दोरी काढली, काठावरच्या करंजाला बांधली, दुसरं टोक कमरेला. “जास्तीत जास्त कमरेएवढं असेल. मी पलीकडे जाऊन बांधतो, मग दोरी धरून एकेकाने यायचं.” आणि तो पाण्यात उतरला.

तो गावच्या डोहात पोहायला शिकलेला. चढत्या उधाणाला ओढ किती असते याची त्याला कल्पना नव्हती. मला होती. पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत, मग छातीशी. तो तिरका तिरका आतल्या बाजूला सरकत होता. मी काठावर उभी होते आणि मला बोलता येत होतं. मी त्याला जाऊ दिलं.

मग बँकेतल्या बाई म्हणाल्या, “चला, माघस्नान झालं समजायचं,” आणि काठी खाली ठेवून, दोरी धरून त्याही उतरल्या.

तेव्हा मी ओरडले. त्यांच्यासाठी. त्याच्यासाठी नाही. यात मला पुढे कधी गोंधळ करायचा नाही, म्हणून लिहून ठेवते.

माझ्या आवाजाने तो वळला, त्याचा पाय चिखलातून सुटला आणि तो पाण्याखाली गेला. वर आला, पुन्हा गेला. चौघांनी दोरी ओढली. बाई तोपर्यंत पोटरीभर पाण्यातून मागे आल्या होत्या. त्याला काठावर घेतलं तेव्हा त्याच्या नाकातोंडातून पाणी येत होतं आणि एक बूट गेला होता. चष्माही.

“आज पौर्णिमा आहे,” मी म्हटलं. ग्रंथालयात शांतता राखा म्हणताना लागायचा, तोच आवाज लागला. “पाणी अजून चढतंय. साडेचारच्या आधी कुणीही उतरायचं नाही. नंतर आपोआप वाट होईल.”

तो खोकत होता. “पण सर आम्हाला दरवर्षी दुपारीच...”

“दरवर्षी अष्टमीला.”

“अष्टमीला?”

“प्रत्येक वर्षी. हेडमास्तरांशी भांडून.”

तो ओल्या अंगाने तसाच खाली बसला. मला त्याच्या तोंडावर लाज बघायची होती. तिथे होतं ते वेगळंच काही. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला एखादी गोष्ट फार उशिरा समजते, तेव्हा चेहरा असा होतो. ह्यांना तो चेहरा फार आवडायचा. मला नाही आवडला.

“आता यांना सांग,” मी म्हटलं. “पत्रक कुणी लिहिलं ते.”

त्याने सांगितलं. उठून उभा राहून, शाळेत प्रार्थनेनंतर उभं राहतात तसा. ही वाट माझ्या सरांची आहे. सगळा मजकूर सरांच्या वहीतला आहे. सर गेले. ह्या त्यांच्या पत्नी. मग ह्यांचं संपूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट.

एवढ्यासाठी मी आले होते. लोक ऐकून घेत होते. एकाने “अच्छा, अच्छा,” म्हटलं. मग मागून कुणीतरी विचारलं, “ते ठीक आहे, पण साडेचारपर्यंत जेवणाचं काय?”

आणि सगळे त्याच विषयावर बोलायला लागले.

बँकेतल्या बाई साडीचा काठ पिळत माझ्याकडे आल्या. “तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून? काल?”

“आठ दिवस.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, बँकेत एखादी सही तपासताना बघत असतील तसं. मग आपली काठी उचलली, पिशवी उचलली आणि पलीकडच्या झाडाखाली जाऊन बसल्या. कोरडे बिस्किटांचे पुडे वाटले गेले तेव्हा माझ्यापर्यंत कुणी आलं नाही. मला भूकही नव्हती. ह्यांनी काय केलं असतं, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी उठून गेले असते, कुठे ते माहीत नाही.

दोनच्या सुमारास पाणी उतरायला लागल्याचं दिसलं. कांदळाच्या बुंध्यांवर ओली रेघ उमटली. तो कुणाचे तरी कोरडे कपडे घालून माझ्याजवळ येऊन बसला. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढून माझ्या शेजारी ठेवली. वहीत पिवळ्या रंगाच्या खुणा होत्या, काही पानांना चिकटपट्टी लावलेली होती.

“छापून घेऊनच यायचं असं ठरवलं होतं, बाई. मग ते राहिलं. मग सर जास्त आजारी आहेत कळलं, तर रिकाम्या हाताने कसं यायचं? मग सर गेलेच. मग तर...”

माझा त्याच्यावर विश्वास बसला. त्याने काही फरक पडला नाही.

“सर काही म्हणायचे का? शेवटी?”

हे त्याने विचारायला नको होतं. पण विचारलं, आणि माझ्यापाशी उत्तर तयार होतं. पाच महिने मी ते दुसऱ्या कुणालाही सांगितलं नव्हतं, याच दिवसासाठी.

“वही आली का, असं विचारायचे. रोज. बोलता येईना तेव्हा दाराकडे बघायचे.”

तो रडला. चष्मा नव्हता, तरी मनगट वर नेऊन नाकापाशी थांबवलं. मी पाण्याकडे बघत बसले. अर्ध्या तासात ते हातभर उतरलं.

साडेचारला सगळे ओलांडून गेले. चिखल पोटरीपर्यंत, पाणी त्याहून थोडं वर. बँकेतल्या बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. मी शेवटची. तो मला न्यायला परत आला, हात पुढे केला. मी वही छातीशी धरली आणि एकटी गेले. तो माझ्या बाजूने, दोन पावलं अंतर ठेवून, चालत आला. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली.

आता त्याच्या पत्रकांवर ह्यांचं नाव असतं, वर, त्याच्या नावाच्या आधी. निद्रिस्त ज्वालामुखी गेला. पत्रक आलं की मी त्यातली तारीख बघते, तिथी काढते, पाऊणपट करते. पहिली तीन पत्रकं चुकीची होती. मी नमस्कार-चमत्कार न लिहिता नुसती वेळ पाठवली: ‘दुपारी साडेतीन.’ ‘त्या दिवशी नको.’ त्याला काही व्हावं-न व्हावं याच्याशी माझा संबंध नाही, पण त्याच्या मागून दोरी धरून कोण उतरेल हे आता मला सांगता येत नाही. तो दर वेळी ‘धन्यवाद बाई’ लिहितो. मी उत्तर देत नाही.

गेल्या आठवड्यात नवीन पत्रक आलं. खाडी ओलांडायची वेळ दुपारी एक, तिथी नवमी. मी कागदावर मांडून बघितलं. मग पुन्हा, पंचांग घेऊन. नवाची पाऊणपट पावणेसात. भरती पावणेसातला, ओहोटी दुपारी एकच्या आतबाहेर, पाणी भांगाचं.

बरोबर होतं. मी तिसऱ्यांदा मांडलं. चूक सापडली नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं.